अक्कांची ओवी आणि फ्रीजमधला पालक

प्रिय अक्का,

बुधवार, अठरा फेब्रुवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. तुमचा घात झाला तो त्या वेळी. आदल्या दिवशी तुम्ही गेलात त्याला मी घात म्हणत नाही, त्याला वय झालं म्हणतात. बुधवारचा घात मात्र मी केला, म्हणून हे पत्र.

तेरहून वन्सं आल्या होत्या. सुतकात घरातलं शिजलेलं अन्न ठेवायचं नाही म्हणून त्यांनी स्वयंपाकघर उपसायला घेतलं. वरण गेलं, दूध गेलं. मग फ्रीजचा वरचा कप्पा उघडला. तुमच्या पालकाच्या नऊ पिशव्या तिथे होत्या, मुठीएवढे हिरवे गोळे, दगडासारखे. वन्सं माझ्याकडे वळल्या. "हे कच्चं हाय का शिजल्यालं?"

"उकळत्या पाण्यातून काढलेलं आहे," मी म्हणाले.

सोलापूरच्या कॉन्व्हेंटात आम्हाला खोटं न बोलण्याची शिस्त लावली होती. तिचा पहिला उपयोग मी सदुसष्टाव्या वर्षी केला, तो असा! 'कच्चा आहे' एवढे दोन शब्द पुरले असते. वन्संनी पिशव्या उचलल्या आणि शेजारच्या कमलच्या म्हशीपुढे रिकाम्या केल्या. म्हैस बर्फ चाटत बसली. मी खिडकीतून नुसती बघत राहिले. अख्ख्या शाळेला दरडावणारी बाई मी. त्या दिवशी तोंड कुठे गेलं होतं माझं?

तुम्ही काय करून ठेवलं होतं, हे मला तेव्हा तरी कुठे कळलं होतं? मे महिन्यात भूमच्या बाजारात हिरवं पान दिसत नाही, तेव्हा आपल्या ताटात याच पालकाचं घोटलेलं गरगट्टं असायचं. भाकरी मोडून खाताना मी काय म्हणायची, आठवतं? "अक्का, हे शिळं आहे." दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. आपण दोघी जावा एकामागून एक एकट्या झालो आणि एका छपराखाली राहिलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. अकरा उन्हाळे मी तुमचा पालक खाल्ला आणि एकदाही त्याला चांगलं म्हटलं नाही.

आणि तुम्ही! तुम्हीही काही कमी नव्हता. लिहायला शिकवते म्हटलं तर दोनदा नाही म्हणालात. "तुला लिव्हायची घाई, मला करायची." तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. तालुक्याच्या पोरांना इंग्रजी शिकवलं आणि घरातल्या जावेला अ काढायला शिकवलं नाही, कारण तिने मला मास्तरीणबाई म्हणून चिडवलं. एवढा राग पुरला मला.

जानेवारीत मी पेपरातलं कोडं सोडवत होते. तुम्ही पातेल्यापाशी उभ्या होतात. "ये की गं जरा हिकडं. म्या काय तुला जलमभर पुरणार हाय?" मी मान वरही केली नाही. पाच अक्षरी शब्द अडला होता, अक्का. शब्द कोणता होता, तेही आता आठवत नाही.

परसातला तुमचा शेवटचा वाफा अजून उभा आहे. बी तुम्ही स्वतः टाकलेलं, पातळ पानांचं, गुलाबी देठांचं. आता उन्हं तापली आहेत. दांडे वर धावायला लागलेत, आठवड्यात तुरे येतील आणि पानं कडू होतील. कमल म्हणते, बी तरी धरेल. धरू दे. पण त्या बियांना तुमचा हात लागलेला नसेल.

म्हणून मी तो पालक खुडून तुमच्यासारखा फ्रीजमध्ये साठवायला घेतला. पहिल्यांदा नुसता धुऊन पिशवीत भरला. चार दिवसांनी बाहेर काढला तर काळपट, गवतासारख्या वासाचा. मग मोबाईलमध्ये पाहिलं, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात. घड्याळ समोर ठेवून केलं. लगदा झाला. माठाचं पाणी तेच, पिळायचा पंचा तोच, पसरायचं ताटही तुमचंच. आपली पानं पातळ, त्यांना दोन मिनिटं सोसत नाहीत, एवढं कळलं. मग किती सोसतात?

कमलला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, तुमाला ठावं न्हाय? अक्का वव्या म्हणायच्या की. पाला टाकला की ववी सुरू, ववी सरली की पातेलं खाली."

अक्का, मला ते देवाचं वाटायचं! तुमचं माहेर सोनारीचं, मला वाटायचं भैरवनाथाचं काही पुटपुटताय. "पुरे झाली भक्ती, भाजी करपेल," असं मी म्हणायची आणि तुम्ही हसायचात. सांगितलं का नाहीत? ते तुमचं घड्याळ होतं, आईच्या जात्यावरून आणलेलं, आणि मी अकरा वर्षं त्याच्यावर टोमणे मारले. कमलला सूर आठवतो, शब्द आठवत नाहीत. मला सूरही आठवत नाही. मी ऐकलंच नव्हतं.

वाफ्यात अजून दोन पिशव्यांचा पालक आहे. तो गेला की तुमच्या हातचं या घरात काही उरत नाही. लुगडी आहेत, पण लुगडी तुम्ही विकत आणली होतीत.

तेव्हा ती ओवी मला पाठवा. लिहिता येत नाही ही सबब मी आयुष्यभर कुणाची ऐकलेली नाही, तुमचीही ऐकणार नाही. कुणाकडून तरी लिहून घ्या. तिथे आपले ओळखीचे पुष्कळ आहेत, त्यांतले निम्मे माझेच विद्यार्थी.

रविवारी सकाळी मी शेवटचा पालक खुडणार आहे. शब्द देते, घड्याळ भिंतीवरून उतरवून ठेवीन, पातेल्यापाशी स्वतः उभी राहीन आणि तुमची ओवी मोठ्याने म्हणेन, कमलची म्हैस हंबरली तरी चालेल. ओवी आली नाही, तरी पाला पातेल्यात टाकीन. जे होईल ते, लगदा झाला तर लगदा, मे महिन्यात भाकरीशी खाईन. एक घास टाकणार नाही आणि त्याला शिळं म्हणणार नाही.

उत्तर लेखी हवं. रविवारी सकाळी नऊच्या आत. नऊला पाणी उकळायला लागेल.

तुमची धाकटी जाऊ,
मास्तरीणबाई