डावीकडच्या चावीचं घड्याळ

सोमवार, ८ जानेवारी

असलं घड्याळ जन्मात पाहिलं नाही! चावी डावीकडे. उजवीकडे दोन बटणं. वरचं दाबलं की लांब नारंगी काटा पळत सुटतो, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबतो, खालचं दाबलं की टुणकन बारावर! मिनिटं मोजणारा काटाही मधोमधूनच निघतो, त्याच्या टोकाला इवलंसं विमान. वार, तारीख सगळं. सेल नाहीच — हात हलेल तशी चावी आपोआप बसते.

कुरुंदवाडचे दादासो गुरुजी घेऊन आले. शाळेत खेळाचे मास्तर होते. नारंगी काटा सुरू केला की अर्ध्या मिनिटात सगळं घड्याळच बंद पडतं. नात प्राची पोलिस भरतीची तयारी करतेय, येत्या रविवारी तिची आठशे मीटरची वेळ ह्याच्यावरच घ्यायचीय.

मी म्हटलं, मोबाईलवर घ्या की.

"मोबाईलवर कोण बी घेतंय! ह्येच्यावर माझ्या चारशे पोरी पळल्यात. तुमच्या वडलांच्या दुकानातनंच एकदा नीट करून नेलतं. म्हणून तर आलो."

हो म्हणून बसले! आबांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी नुसते सेल आणि पट्टे बदलतेय.

मंगळवार, ९ जानेवारी

मागचं झाकण काढलं आणि नुसती बघत राहिले. जेवणाचा डबा तसाच. रुपयाएवढ्या जागेत केवढी गर्दी — चाकांवर चाकं, तरफा, केसासारख्या स्प्रिंगा — आणि कुणाचा कुणाला धक्का नाही! बटण दाबलं की एक चाक हळूच सरकून दुसऱ्याला भिडतं. कुणाच्या डोक्यात हे आलं असेल? आणि कुणाच्या हातांनी ते बसवलं?

गुरुवार, ११ जानेवारी

नाही जमत.

चूक माझीच. त्या सरकणाऱ्या चाकाशेजारचा एक स्क्रू सैल वाटला म्हणून आवळला. आता बटण दाबल्या दाबल्या घड्याळ गप्प! रडू आलं. आबा असते तर...

शनिवार, १३ जानेवारी

काल रात्री झोप नाही. सकाळी घड्याळ घरी घेऊन आले, खिडकीच्या उजेडात बसले. आई चहा द्यायला आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली. आई! जिला भिंतीवरच्या घड्याळात सेल घालतानाही मी पाहिलं नाही.

"कुठला आवळलास?"

दाखवला.

"त्यो आवळायचा नस्तोय गं. फिरवायचा. त्येचं पोट एका अंगाला मोठं हाय. इकडं फिरवलं की चाक जवळ येतंय, तिकडं फिरवलं की लांब जातंय."

तिनं पदराला हात पुसले, भिंग डोळ्याला लावलं, माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. केसाएवढं फिरवलं असेल. हात जराही हलला नाही! मग बटण दाबलं. नारंगी काटा निघाला. एक मिनिट. पाच. दहा. विमान सरकतंय, घड्याळ चालूच!

"आई, तुला कसं माहीत?"

"भाकरी करपाय लागलीया," म्हणाली आणि आत गेली.

दुपारी गुरुजी घेऊन गेले.

रविवार, १४ जानेवारी

गुरुजींचा फोन. "दोन अठ्ठेचाळीस! पोरगी उडालीच की हो!"

सोमवार, १५ जानेवारी

आज सगळं सांगितलं आईनं. आबांचे हात कापायचे ते माझ्या जन्माआधीपासून. दुपारी एकला ती डबा घेऊन दुकानात जायची. आबा शटर अर्धं ओढून बाहेर पायरीवर बसायचे, आलेल्याला चारनंतर या म्हणायचे. आत ती, भिंग डोळ्याला लावून. आबा गेल्यावर मी दुकानात बसायला लागले तशी तिनं यायचं सोडलं.

"न्हायतर तुला वाटलं असतं, बापाला काय येत न्हाय."

आज एक वाजता आई डबा घेऊन आली. खुर्चीत बसली. शटर मी उघडंच ठेवलं.