आईच्या रात्री

२० फेब्रुवारी, शुक्रवार
आणि ही सांगते कुठे, तर चर्चच्या मासे-जेवणात, शंभर माणसांत, तोंडात तळलेला मासा! "बर्नी, आईच्या डे-सेंटरचा खर्च दाखवला ना, तर गेल्या साली टॅक्स सहाशे डॉलरनं उतरला माझा. यंदाही दाखवणारे." कोलेट. माझी धाकटी बहीण. आई काय तिची एकटीची? आई गॅस चालू ठेवून विसरते, एकटीला सोडून कामावर जाता येत नाही, म्हणून दिवसा सेंटरमध्ये ठेवतो. गुरुवारचे सेंटरचे पैसे मीच भरते ना? मी जळत नाही. जळण्यासारखं आहे काय तिच्यात? फक्त यंदा सूट मी घेणार.

२४ फेब्रुवारी
लायब्ररीत टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात, पंधरा एप्रिल शेवटची तारीख. हॅवलिक मास्तर, रिटायर झालेले. विचारतात, आई राहते कोणाकडे? म्हटलं, माझ्याकडे, तिची खुर्ची माझ्या घरात आहे. म्हणे, खुर्चीचं राहू द्या बाई, अर्ध्याहून जास्त वर्ष आई तुमच्या घरी झोपलेली हवी. एवढंच? आई राहते त्या रात्री मी कॅलेंडरवर फुली मारते. दोनशे तर सहज निघतील.

२८ फेब्रुवारी
मोजल्या. एकसष्ट. परत मोजल्या. एकोणसाठ. चष्मा बदलायला झालाय.

३ मार्च
मास्तरांना सांगितलं, थंडीतल्या रात्री मोठ्या असतात, दीडपट धरा. हसले. एवढे शिकलेले, पण व्यवहार शून्य. कोलेटनं फॉर्म भरूनही टाकला म्हणे. घाई बघा!

१५ मार्च, रविवार
आईलाच साक्षीला बसवलं. तिच्या खुर्चीत, समोर माझं चिकन-नूडल सूप. विचारलं, खरं सांग, राहतेस कोणाकडे? म्हणाली, कोलेटकडे. दात ठेवायचा पेला तिथे आहे ना माझा.
मग इथे?
"इथे तू बोलावतेस तेव्हा येते. पाहुणीसारखं ठेवतेस गं, कप विसळू देत नाहीस. कोलेट बटाटे सोलायला बसवते."
सांगताना हसत होती. माझ्याकडे अशी कधी हसली नाही. सूप खारट झालं होतं, त्यामुळे असेल.

२९ मार्च
पेला आणला. काचेचा, कोलेटचा प्लॅस्टिकचा आहे. मुलाची रिकामी खोली पिवळी रंगवली. टॅक्ससाठी नाही. पुढच्या सालच्या फॉर्मसाठी रात्री आत्तापासून धरल्या तर बिघडलं काय?

९ एप्रिल
आईच्या खुर्चीवर चिठ्ठी चिकटवली. इथेही उतरवून ठेवते, नंतर कोणी म्हणायला नको बर्नीनं विचारलं नाही.
"आई, सूट कोलेटनं घेतली, घेऊ दे. खोली तयार आहे. पेला आणलाय. बटाटे पाच किलो आहेत, मी एकही सोलणार नाही. राहायला येतेस का? पंधरा तारखेच्या आत सांग. बुधवार आहे."