तो लेख आता कुणालाही उघडतो

आई, गेल्या आठवड्यात शनवारा भागातल्या तुझ्या शाळेत जाऊन आले. भिंतीपलीकडच्या कारखान्यात कापड विणणारे लूम अजून चालतात. तिसरीचा वर्ग त्याच भिंतीला लागून होता आणि तू नोकरीभर त्या खटखटीच्या वर आवाज चढवून पाढे म्हणवून घेतलेस. घरी यायचीस तेव्हा घसा बसलेला असायचा. स्वयंपाकघरात मी काही विचारलं, तर तू खुणेनंच उत्तर द्यायचीस. मी पुन्हा विचारलं की कपाळाला आठ्या, "थोडा आवाज उद्याच्या पोरांसाठी राहू दे गं."

तू गेल्यावर मी त्याच आवाजावर संशोधन केलं. वर्गात यंत्र ठेवून लूमचा आवाज मोजला, मागच्या बाकावरच्या मुलांना बाईंचं किती कळतं ते तपासलं. लेख परदेशी नियतकालिकात आला. मुख्याध्यापिकाबाईंना मी हौसेनं लिंक पाठवली, तर त्यांचा फोन, "मॅडम, हा तर उघडूनच नाही राहिला. वाचायचे पैसे मागून राहिला. आपल्याच शाळेचं लिहिलंय ना?"

विद्यापीठ वर्गणी भरतं म्हणून माझ्यापुढे तो उघडायचा. ज्यांच्याबद्दल लिहिला त्यांच्यापुढे बंद. मग आमच्या ग्रंथपालांनी समजावलं की, छापलेलं रूप प्रकाशकाचं, पण तज्ज्ञांनी तपासून मान्य केलेला माझा मसुदा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत ठेवता येतो. करारातच तशी मुभा आहे. त्याच दिवशी ठेवला, सोबत मराठी सारांशही. बाईंनी तो शाळा समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. "इतकी वर्षं आम्ही तोंडी सांगत होतो," त्या म्हणाल्या, "आता तपासून लिहिलेलं आहे, बघा." तिसरीचा वर्ग अंगणापलीकडच्या खोलीत गेला. भिंतीकडच्या खोलीत आता खिचडीचं सामान असतं.

हे तुला सांगावंसं फार वाटतं. तू आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले असतेस, मग चष्मा काढून विचारलं असतंस, "पोरांना ऐकू येतं ना पण?"

येतं, आई. मी नव्या वर्गाच्या दारापर्यंत गेले. नवीन बाई फळ्याशी उभ्या राहून, अगदी हळू, गोष्ट सांगत होत्या. "या ना आत," त्या म्हणाल्या. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून सांगते. मी आत गेले नाही. शिकवतानाचा तुझा हळू आवाज कसा असता, तेवढंच बाहेर उभी राहून ऐकू पाहत होते.