उरलेली बावीस पत्रं

प्रिय कारी,

सकाळपासून थर्मामीटरचा काटा उणे बारावर आहे आणि वारा उत्तरेकडून. रस्ता साफ करणारी गाडी एकदा येऊन गेली, पण जाताना तिने आपल्याच दारापुढे कमरेएवढा बर्फाचा ढीग लावून ठेवला, नेहमीसारखा. तू आज काय जेवलीस? हे सगळं आधी का लिहिलं ते तुला कळेलच.

मी तुझ्या जुन्या खोलीत, तुझ्याच टेबलाशी बसले आहे. समोर आपला जुना कॉम्प्युटर. बाबांनी नवा घेतला आणि हा मार्लिसला विकला, चर्चच्या कचेरीसाठी. मार्लिस आठवते ना? तिच्या लिंबाच्या वड्या तू खिशात भरून आणायचीस आणि मी तुझा चिकट कोट धूत बसायचे. उद्या दुपारी ती पिकअप घेऊन येणार आहे. "त्याआधी सगळं पुसून काढ, लव्हॉन," बाबा म्हणाले. "आपलं एक अक्षर त्यात राहता कामा नये. तुझी ती मार्लिस गावभर वाचून दाखवेल." ते पायरीवरून घसरले, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर त्यांनी मला या यंत्राच्या जवळही येऊ दिलं नसतं. शाळेच्या कचेरीत सव्वीस वर्षं मी हीच कामं केली, हे मात्र त्यांना बरोबर आठवलं.

पुसायला चार-पाच तास लागतात. यंत्र आपलं आपण काम करत असतं, पण मी त्यांना सांगितलं की समोर माणूस बसावा लागतो, मध्येमध्ये कळ दाबावी लागते. साफ खोटं! इतकं सहज बोलता येतं हे मला या वयात कळलं. चर्चच्या पाककृतींची कोरी कार्डं पुढ्यात घेऊन लिहिते आहे, सगळ्यात वर हॉटडिशच्या कृतीचं भरलेलं कार्ड ठेवलंय, बाबा आले तर तेवढंच दिसावं म्हणून. दर थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजतात. "किती झालं?" "एकतीस टक्के." "काय मेलं रखडतंय!" म्हणत ते खाली जातात आणि पुन्हा त्या खुर्चीत बसतात, जिथून जिनाही दिसतो आणि पुढचं दारही.

तुझ्या बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही. सांगणार काय? मागच्या हिवाळ्यात माझी गाडी बर्फावरून घसरून चरात गेली. "तुझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही गं," असं म्हणत त्यांनी किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. डॉक्टर म्हणाले नजर ठीक आहे, पण किल्ल्या काही परत आल्या नाहीत. मग "दोघांना एक फोन पुरे" म्हणून माझा फोन गेला. रस्त्याच्या टोकाच्या टपालपेटीपर्यंत "तू कशाला गारठतेस?" म्हणून तेच जाऊ लागले. या शरद ऋतूपासून रविवारचं चर्चही सुटलं. दर वेळी गोड बोलून आणि माझ्या भल्यासाठी. दारं इतकी हळूहळू लागत गेली की कडीचा आवाज मला ऐकूच आला नाही. आता गावापासून नऊ मैलांवर मी आहे, ते आहेत आणि ही खिडकी आहे. मला इथे श्वास पुरत नाही, कारी. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

आज सकाळी पुसायला सुरुवात करण्याआधी, कचेरीतल्या सवयीने, मी एकेक फोल्डर उघडून पाहत होते, काही ठेवण्यासारखं आहे का म्हणून. मेलमध्ये एक फोल्डर होतं, 'भट्टीची वॉरंटी'. घर तापवणारी तळघरातली भट्टी तर आपण तू शाळेत असताना बदलली. उघडलं, तर आत तुझी पत्रं. एकेचाळीस! सगळी माझ्या नावाने, आणि एकही मी पाहिलेलं नाही. तुझ्याकडून काही आलं की ते मला न दिसता थेट तिथे जाईल, अशी सोय बाबांनी करून ठेवली होती. त्यांना काहीच टाकून देववत नाही, हे तुला ठाऊक आहे. गॅरेजात तीन मोडकी फावडी आहेत, तशीच ही पत्रं. मला सगळं पुसायला सांगताना ते विसरले होते, की मी बघितलं तरी निमूट पुसेन अशी त्यांना खात्री होती? मला यातलं दुसरं खरं वाटतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

सहा वर्षं मी धरून चालले होते की तू आम्हाला टाकलंस. "विसरली ती तुला," बाबा म्हणायचे आणि मला ते पटायचं, कारण तो थँक्सगिव्हिंगचा दिवस मी विसरले नव्हते. तू दारात उभी होतीस, बाबांशी भांडून लाल झालेली, आणि मला म्हणालीस, "आई, कोट घाल. आत्ता. चल माझ्यासोबत." माझ्या दोन्ही हातांत ओव्हनमधून काढलेलं भांडं होतं. मी म्हणाले, "आधी जेवून तर घे, गार होतंय." तुझी गाडी वळणाआड जाईपर्यंत मी ते भांडं खाली ठेवलं नव्हतं. अशा आईला मुलीने का लिहावं?

आणि तू तर लिहीत होतीस! तुझ्या तिसऱ्या पत्राला माझ्या नावाने उत्तरही गेलं होतं, 'माझं छान चाललंय, पुन्हा लिहू नकोस.' त्यावर तुझं चौथं पत्र, 'हे तू लिहिलेलं नाहीस. माझी आई हवामान सांगितल्याशिवाय आणि काय जेवलीस विचारल्याशिवाय दोन ओळी लिहूच शकत नाही.' मी तोंडावर हात दाबून हसले गं, आणि मग तोच हात डोळ्यांवर गेला. त्यानंतरही तू थांबली नाहीस. डुलुथचं घर, हिरवं दार, पत्ता. तुला मुलगी झाली, इंगा, तिला माझ्या आईचं नाव दिलंस. लाल बूट घालून ती झोपायला जाते, काढू देत नाही. माझ्या नातीला बूट घालता येतात, आणि ती आहे हेच मला आज कळलं.

बाबा प्लास्टरला पिशवी बांधून अंघोळीला गेले होते, म्हणून तेवढा वेळ मिळाला. नेटची जोडणी आधीच नव्या यंत्राकडे गेली होती, तुला इथून काही पाठवणं शक्य नव्हतं. एकोणीस पत्रं वाचून झाली आणि मागे आवाज आला, "अजून सुरू नाही केलंस?" ते खुर्चीमागेच उभे राहिले. नुसतं डिलीट केलं तर मजकूर जात नाही, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी धडे राहतात तसा. पण हा प्रोग्राम सगळ्यावर शून्य गिरवत जातो, मग ते कुणालाच परत काढता येत नाही. खात्री आहे का, असं त्याने मला तीनदा विचारलं. या घरात मला इतकं कुणी विचारत नाही. मी तीनदा हो म्हटलं, आणि तुझी पत्रं माझ्या हाताने पुसली. मला माफ कर.

आता अठ्ठ्याऐंशी टक्के झालंय. संपलं की कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून आतली धूळ पुसायची आहे, तेही बाबांनीच सांगितलंय. ही कार्डं मी झाकणाला आतून चिकटवणार आहे, पंख्यापासून लांब. तळाला चिकटपट्टी लावून तिच्यावर माझं नाव लिहिलंय, चर्चच्या जेवणाला नेतो त्या भांड्यांना लावतो तशी. विकलेल्या वस्तूवर कुणी आपलं नाव घालतं का? बाबांना त्यात काही दिसणार नाही, त्यांनी आजवर एक भांडं उचललेलं नाही. मार्लिस मात्र डबा उचलताना तळ बघेलच. माझं नाव असलेलं काहीही तिच्या घरी कधी रिकामं गेलेलं नाही, ती आत नक्की शोधेल आणि पहिल्या कार्डावर लिहिलेल्या तुझ्या पत्त्यावर हे टपालाने टाकेल. चौदा तारखेच्या रविवारी चर्चमध्ये लुटफिस्क माशाचं वार्षिक जेवण आहे. त्या जेवणाला मला नेलं नाही तर गाव बोलेल, म्हणून बाबा मला नेणार आहेत. दोन वाजता ते वर पुरुषांच्या टेबलावर तिसरी कॉफी घेत असतील आणि मी तळघरात भांडी घासत असेन. तू मागच्या दाराशी ये. या वेळी मी जेवून घे म्हणणार नाही, कोट अंगावरच असेल. डुलुथपर्यंत चार तासांचा रस्ता आहे. उरलेली बावीस पत्रं मला गाडीत तोंडी सांग.

तुझीच,
आई