कारणाचा रकाना

दि. ६ मार्च

चि. गोगलगाय हिस,

अनेक आशीर्वाद. हे नाव तुझ्या मॅडमनी ठेवलेलं. गोगलगाईंवर काम करतेस आणि लिहितेसही त्याच वेगाने, म्हणून. मी ते आजवर कधी घेतलं नाही, पण पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहून झाल्यावर आत काय लिहावं ते सुचेना. राग मानू नकोस.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. तेव्हा कागदच बरा. माझी नोकरी नकाशे काढण्यात गेली, कागदावर हात चालतो. बोलण्यात मी कसा आहे ते तू पाहिलंच आहेस.

मॅडमना जाऊन चार महिने होत आले. विद्यापीठातली त्यांची खोली रिकामी करून द्या असं पत्र आलं, म्हणून गेल्या आठवड्यात गेलो. तुझ्या शंखांच्या एकशे बारा बाटल्या निघाल्या. शिपाई विचारतो, "काका, हे फेकायचं का?" म्हटलं, "फेकायचं असतं तर एकेका बाटलीवर तळ्याचा नंबर कशाला चिकटवला असता?" बाटल्या घरी आणल्या आहेत. जेवणाचं टेबल त्यांनीच व्यापलंय. मी ओट्याशी उभा राहून जेवतो.

आता मुद्द्याचं. संशोधन विभागात कळलं की तुझ्या नोंदणीला ३१ मार्चपर्यंत नवीन मार्गदर्शक लागला नाही तर नोंदणी रद्द होईल. साडेपाच वर्षांचं काम! मी तिसऱ्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही कोण? संशोधक की मार्गदर्शक?"

"मार्गदर्शकाचा नवरा."

"नवऱ्याचा रकाना नाही यात."

वर मॅडमच्या फोनवर दर सोमवारी विद्यापीठाचा निरोप येतो, की आपल्या विद्यार्थिनीचा सहामाही अहवाल प्रलंबित आहे, कृपया कारण कळवावे. चार महिने कळवतोय. मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती दिल्या. निरोप येतोच आहे.

एक बरं झालं. आवराआवर करताना कपाटात मार्गदर्शक बदलाचा फॉर्म सापडला. मॅडमची सही आहे, आणि शेजारच्या खोलीतल्या वनस्पतीवाल्या बाईंचीही आहे. त्या तुला घ्यायला तयार आहेत. फक्त तुझी सही हवी. मूळ कागद पोस्टात टाकायला मन धजत नाही, तेव्हा येऊन जा. शेवटी शेवटी मॅडमना कुणाला भेटणं झेपत नव्हतं, ते तू समजून घेतलं असशीलच.

काका

---

दि. १५ मार्च

चि. गोगलगाय,

आशीर्वाद. पत्र पोचलं असेल. उत्तर नाही.

काल पुन्हा खिडकीवर गेलो. फॉर्म दाखवला तर बाई म्हणतात, "यावर सप्टेंबरची तारीख आहे. सहा महिने हा होता कुठे?" मी चष्मा पुसत राहिलो. "विलंबाचं कारण संशोधकाने लेखी द्यावं लागेल." म्हटलं, "तिचा काय संबंध?" तर म्हणाल्या, "काका, फॉर्म तिचा, मुदत तिची, मग उशीर कुणाचा? माझा का?" आणि खिडकीची काच ओढून घेतली. जेवणाची सुट्टी व्हायला अजून दहा मिनिटं होती. मी घड्याळ पाहिलं होतं.

वरच्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, खालून टिपण आलं की बघू. खाली म्हणाले, वरून शेरा आला की टिपण करू. मी जिना चारदा चढलो. गुडघ्याचं तुला मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

मग वनस्पतीवाल्या बाईंना भेटलो. चहा दिला त्यांनी. म्हणाल्या, "मी तर तेव्हाच सही केली होती. पोरगी आलीच नाही. मला वाटलं, तिलाच मी नको असेन." तू आणि मॅडम त्यांच्या प्रयोगशाळेबद्दल हसायचात, ते त्यांना ठाऊक आहे म्हणे. तरी घेते म्हणाल्या.

त्यांच्याकडूनच कळलं की तू आता शिकवणीच्या वर्गात दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतेस. आणि पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी जिथे तुला जागा कबूल झाली होती, ते लोक फक्त जूनपर्यंत थांबणार आहेत. हे सगळं मला तिसऱ्याकडून कळावं? रागावलं तर माणसाने बोलून टाकावं. फोन न उचलणं, पत्राला उत्तर न देणं ही कुठली पद्धत? इथे एक म्हातारा खिडक्या झिजवतोय आणि तुला दोन ओळी लिहायला होत नाहीत!

वरचं खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

तुझं चौथं प्रकरण माझ्याकडे आहे. ऑक्टोबरमध्ये तू दारात ठेवून गेली होतीस ते. ते वाचतोय. गोगलगाईंचं मला काही कळत नाही, पण पान ६४ वरच्या तळ्यांच्या नकाशात उत्तरेचा बाण नाही आणि प्रमाणपट्टी चुकली आहे. मी नवीन काढून ठेवला आहे.

सोळा दिवस उरले आहेत.

काका

---

दि. २२ मार्च

चि. बाळ,

तुझं पत्र आलं. चारच ओळी. "काका, मॅडमना मी नकोशी झाले होते. तीनदा आले, तीनदा परत गेले. त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधायचं आधीच ठरवलं होतं, हे आता तुमच्या पत्रावरून कळलं. मला ती सही नको."

हे पत्र घेऊन मी दोन दिवस बसलो. आता सरळ लिहितो. नाहीतर जमायचं नाही.

फॉर्म कपाटात सापडला नाही. तो माझ्याकडेच होता. माझ्या टेबलाच्या खणात, ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळ्यांखाली. सप्टेंबरच्या शेवटी हिने तो माझ्या हातात दिला. म्हणाली, "गोगलगाईला द्या. महिन्याभरात खिडकीवर गेला पाहिजे म्हणावं. ती विसरेल, तुम्ही मागे लागा." मी हो म्हटलं. मग सहज उघडून वाचला. त्यात एक रकाना आहे, मार्गदर्शक बदलण्याचं कारण. तिथे हिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "मार्गदर्शक यापुढे उपलब्ध नसतील."

माझ्याशी ती याविषयी एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर बोलले, मी ऐकलं, तिने ऐकलं, आणि घरी येऊन आम्ही पंख्याच्या दुरुस्तीबद्दल बोललो. आणि इथे छापील फॉर्मवर, तिसऱ्या खिडकीवरच्या बाईला ती सांगून मोकळी! तो कागद मी कुणाला दिला असता तर ते खरं झालं असतं. असं मला तेव्हा वाटलं. शहाण्या माणसाला वाटू नये, पण वाटलं.

आणि दुसरं. तू आलीस की दोन-दोन तास तुमचं चालायचं. आतून हसणं ऐकू यायचं. नंतर ती थकून डोळे मिटायची आणि माझ्या वाट्याला ते मिटलेले डोळे यायचे. म्हणून ऑक्टोबरमध्ये तू आलीस तेव्हा मी दारातच म्हटलं, "मॅडम झोपल्यात." तिन्ही वेळा. त्या झोपल्या नव्हत्या. पहिल्यांदा तर तू जिना उतरत होतीस आणि आतून आवाज आला, "कोण आलंय हो?" मी म्हटलं, "वर्गणीवाले."

ती रोज विचारायची, "गोगलगाय फिरकली नाही का?" मी नाही म्हणायचो. एकदा म्हणाली, "रागावली असेल. तिसऱ्या प्रकरणावर मी फार बोलले तिला." मी उशी नीट केली.

तू ठेवून गेलेलं प्रकरण मात्र मी तिला दिलं होतं. पोस्टाने आलं म्हणून सांगितलं. रोज चार-पाच पानं वाचायची, पेन्सिल घेऊन. पान ८७ वर शेवटचा शेरा आहे, "चौथं तळं का सोडलं? आली की विचारायचं." त्यापुढच्या पानांचे समास कोरे आहेत.

अंत्यविधीच्या वेळी तू मागे भिंतीशी उभी होतीस. मी तुला पाहिलं आणि मान फिरवली. तू त्याचा अर्थ काय घेतलास ते आता समजतंय. तिला तू नको होतीस असं नव्हतं. आपण नसताना तुझं अडू नये, एवढीच तजवीज करत होती ती. नको मला होतीस.

आणि मागच्या पत्रात तुलाच सुनावलं. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी दाखवत आलो.

आज सकाळी खिडकीवर गेलो. कोऱ्या कागदावर लिहून दिलं, की सदर फॉर्म दिवंगत मार्गदर्शकांनी वेळेत सही करून माझ्याकडे दिला होता, तो मी संशोधक विद्यार्थिनीपासून लपवून ठेवला, विलंबास ती कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही. खाली सही, पत्ता. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरून उठल्या, पहिल्यांदाच, आणि स्वतः वरच्या साहेबांकडे घेऊन गेल्या. शेरा घेऊनच खाली आल्या. "काका, मुलीला म्हणावं ३१ च्या आत कधीही ये, साडेपाचपर्यंत काच उघडी ठेवते."

फॉर्म त्यांच्याकडेच ठेवला आहे. तेव्हा सहीसाठी तुला माझ्या दारात यावं लागणार नाही. प्रकरण आणि नकाशा वनस्पतीवाल्या बाईंकडे दिले आहेत. बाटल्याही उद्या त्यांच्या प्रयोगशाळेत पोचवतो. माझ्यावर राग ठेव. तो रास्त आहे. सही मात्र कर. जूनपर्यंत थांबणारे लोक फार नसतात.

चौथं तळं का सोडलंस ते मला कळवायची गरज नाही. मला त्यातलं कळणारही नाही. पण प्रबंधात ते लिही. तिने विचारलं होतं.

तू आली होतीस हे तिला न सांगणारा,

काका