चुलीपाशी सांगितलेला पुढारी

गुरुजी, माझी मोठी पोरगी आज सकाळी गोंदियाच्या मोठ्या शाळेत नाव घालायला गेली आहे. आपल्या पोरांना तिथं व्हरांड्यात बसवतात. ही मात्र आतच बसणार म्हणून सांगून गेली. दिवस कलायला लागला तरी परतली नाही. कामात लक्ष लागेना, म्हणून करवत ठेवून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कोणाशी बोलू? तिची माय तर आज माझ्याकडं बघतसुद्धा नाही. आणि भीती उगाच नाही हो. मागच्या वर्षी पलीकडच्या गावात आपल्यातल्याच एकानं पोरगी आत बसवली, तर आठ दिवसांत त्याचं छप्पर जळालं. कोणी जाळलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, नाव कोणी घेत नाही.

तुमचा सुतारकामाचा वर्ग आठवतो. रुळापलीकडचं टिनाचं छप्पर, नाकातोंडात जाणारा सागाचा भुसा, आणि महारवाड्यातले आम्ही सात-आठ जण. रंधा मारता मारता तुम्ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सांगता आहात. त्यांचा एक मोठा पुढारी, गुलामाच्या पोटी जन्मलेला. "तो म्हणते, आधी हातात हुन्नर घ्या. विटा पाडा, बाकं बनवा. तुमच्यावाचून गोऱ्याचं अडलं का मान आपोआप भेटते." मी विचारलं, "आन् नाही भेटला तं?" तुम्ही बोटांवर पट्टी हाणली. "लय वकील झाला का रे? आधी सरळ कापून दाखव!"

त्यांच्या दुसऱ्या पुढाऱ्याचं तुम्ही वर्गात कधी काढलं नाही. तो तुम्ही मला एकट्याला तुमच्या घरी, चुलीपाशी सांगितलात, दार लोटून. "तो म्हणते, हुन्नर ठीक आहे, पण कॉलेज पाह्यजे, मताचा हक पाह्यजे, आन् आत्ताच पाह्यजे. वाट पाहून कोणी मान देत नाही." आवाज इतका खाली गेला की भाजी घोटता घोटता काकी म्हणाल्या, "कायले भेता एवढे? मालगुजार का चुलीत बसला आहे?" गावची सगळी जमीन त्या मालगुजाराची, तुम्ही हसला नाहीत. उठून कडी पाहून आलात. निघताना मला तुमचा जुना रंधा दिलात आणि म्हणालात, "हे बाहेर बोलू नोको." मला किती तरी वर्षं वाटत होतं, तुम्हाला पहिलाच पटतो. आता वाटतं, पटत दुसराच होता. पहिल्याचं फक्त मोठ्यानं बोलता यायचं.

जपानशी लढाई चालू होती त्या दिवसांत गोंदिया स्टेशनावर फौजेची गाडी थांबली होती, कलकत्त्याकडं जाणारी. मी फलाटाचं कुंपण दुरुस्त करत होतो. मागच्या डब्यांत खरोखरचे काळे अमेरिकन! इंग्रजी येणाऱ्या तिकीटबाबूला मध्ये घालून मी एकाला विचारलं, तुमच्या त्या दोन पुढाऱ्यांत खरा कोण? तो खदाखदा हसला. म्हणाला, आमच्या घरी बाप एकाच्या बाजूनं, आई दुसऱ्याच्या, जेवण सुखानं कधी झालंच नाही. तेवढ्यात पुढच्या डब्यातून गोरा साहेब ओरडला. त्या काळ्या शिपायाचं हसू जागीच थिजलं, खांदे आत गेले. अरे देवा, म्हटलं, हा तर मालगुजारासमोरचा मी! 

काल पोरीनं विचारलं, "बाबा, त्या शाळेतले बाकं तुमीच बनवले ना? मंग मी त्याच्यावर काऊन नाही बसू?" मी म्हटलं, थांब जरा, अजून एक-दोन वर्षं. ती म्हणाली, "कोणासाठी थांबून राहिले तुमी?" मी तिच्यावर खेकसलो.

सकाळी ती दारात थांबली. "चलता ना?" म्हणाली. मी म्हटलं, आज एकाची चौकट द्यायची आहे. हे पत्र तुम्हाला कुठं धाडणार, म्हणून खरं लिहून टाकतो. चौकट वगैरे काही नव्हती, गुरुजी. ती चार कोस एकटी चालत गेली, आणि मी घरात बसून मेलेल्या माणसाशी बोलतो आहे.