लाइट गेली तर त्या तिघांचं काय

आई,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे आणि ती ऐकून घेईल असं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुला लिहिते. ज्या सोलापुरात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, आणि आलं की लग्नाच्या आमंत्रणासारखं घरोघर जाऊन सांगावं लागतं, त्या शहरात परवा सकाळी मला पाऊण तासात दीड लिटर पाणी पाजण्यात आलं. वर ताकीद, की आता बाथरूमला जायचं नाही. लघवीची पिशवी भरलेली असली की सोनोग्राफीत आतलं नीट दिसतं म्हणे. अंगावर हिरवा गाऊन, पाठीमागून उघडा, चारपैकी दोन नाड्या तुटलेल्या. त्यामुळं एक हात कायम अब्रूच्या बंदोबस्तावर. समोरच्या भिंतीवर एका गुबगुबीत, बहुधा परदेशी, बाळाचा फोटो. आणि कोपऱ्यात पाण्याचा कूलर, त्याचा नळ गळका. टप. टप. टप. हे मुद्दाम केलेलं आहे असा माझा जाहीर आरोप आहे.

तिसऱ्याला आणायला गेले होते, आई. तुला तिघं आठवत असतील. माझ्यापेक्षा तूच त्यांची जास्त काळजी वाहायचीस. मी सदतिशीला आले होते, तेव्हा डॉक्टरांनी माझी बीजं काढून तीन गर्भ तयार केले आणि गोठवून ठेवले. एकेक करून आत सोडायचा, रुजला तर रुजला. हे मी तुला तुझ्या स्वयंपाकघरात सांगितलं. तू भाकरी थापतेयस, हात थांबत नाही.

"म्हंजी फ्रीजमदी?"

"फ्रीजपेक्षा लई थंड असतं आई."

"आन् लाइट गेली तर?"

मी हसले. तू हसली नाहीस. भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस आणि म्हणालीस, "माग मदीच बंद पडला की कापडात पट्टा उठतोय. लेकराच्यात न्हाय का उठायचा?"

टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालण्यात तुझी हयात गेली. चालू मागाची लाइट गेली की कापडात त्या जागी आडवी रेघ येते. सहज बघितलं तर कळत नाही, उजेडाला धरलं की कळते. तसला टॉवेल तू बाजूला काढायचीस. शाळेच्या एका सुट्टीत मी तुझ्याबरोबर कारखान्यात आले होते आणि कंटाळून असाच एक टॉवेल चांगल्यांच्या थप्पीत सरकवला होता. हातावर चापट बसली. "त्याला काय होतंय," मी म्हटलं. "घेणाऱ्याला दिसतंय की," तू म्हणालीस, आणि सगळी थप्पी परत उलगडलीस.

त्या उन्हाळ्यात लाइट रोज जायची. माझ्या फायलीवरून तू दवाखान्याचा नंबर घेतलास हे मला महिनाभर माहीत नव्हतं. पंखा थांबला की तू फोन लावायचीस. "हालू, ती तिगं बरी हाईत न्हवं? हितं लाइट गेलीया. तुमच्याकडं जनरेटर हाय का?" तिकडून सिस्टर सांगायची की त्याला लाइट लागत नाही, नायट्रोजनमध्ये असतात ती. तू "बरं बरं" म्हणायचीस आणि दुसऱ्या दिवशी पंखा थांबला की परत फोन. मला कळलं तेव्हा मी ओरडले. "आई, ती काय गोठ्यातली जनावरं आहेत का, रोज चौकशी करायला?" तू म्हणालीस, "जनावरांची करत्यात, मग ह्यांची का न्हाय?"

उत्तर नसलं की मी लेख लिहिते. पेपरातल्या माझ्या सदरात मी तुला घातलं. जनरेटर, तिघं, हालू, सगळं. आजवर कुठल्याच लेखाला इतके फोन आले नव्हते. एका लग्नात कुणीतरी तुला सगळ्यांदेखत विचारलं, "काय मावशी, जनरेटर चालू हाय का?" आणि तूही त्यांच्याबरोबर हसलीस. घरी येऊन तू तो पेपर एकेक अक्षर लावत पुरता वाचलास. मग चारी कडा जुळवून त्याची घडी घातलीस, कारखान्यात घालायचीस तशी.

"लई चांगलं लिवलंस की," म्हणालीस. "माजंच त्वांड दिसलं मला त्यात."

त्यानंतर तू फोन केला नाहीस. लाइट गेली की पदरानं वारा घेत बसायचीस आणि फोनकडं बघायचीस. मी म्हटलं, चला, सुधारली.

दिवाळीनंतर पहिला गर्भ आत सोडला, तो रुजला नाही. "दोगं हाईत की अजून," तू म्हणालीस. त्याच थंडीत तू गेलीस. वर्षभरानं दुसरा. तो नऊ दिवस राहिला असावा असं मी धरते. डॉक्टर तसं म्हणत नाहीत. त्यानंतर आठ वर्षं मी दवाखान्याची पायरी चढले नाही. लोकांना वाटलं, हिनं नाद सोडला. मी उलट नाद धरून ठेवला होता. कुणी विचारलं, मुलं किती, की तोंडानं "नाही" म्हणायचे आणि मनात म्हणायचे, एक आहे, सात रस्त्याला दवाखान्यात असतो. तिथं होता तोवर तो जिवंतही होता आणि नापासही झाला नव्हता. इतकं सोयीचं मूल कुणाला मिळतं?

आता कायदा आलाय, दहा वर्षांपुढं ठेवता येत नाही. दवाखान्याचं पत्र आलं: मुदत संपत आली, काय करायचं ते कळवा. मग सेहेचाळिशीत परत गोळ्या सुरू केल्या, पोटात अस्तर तयार व्हावं म्हणून. ते उत्तम तयार झालं. डॉक्टर खूश. घर असं सारवून ठेवलं होतं, आई.

तर मी तिथं गाऊन धरून पडलेली. तुझे जावई खाली शहाळं आणायला गेलेले, सगळं झाल्यावर मला द्यायला. दार उघडलं, डॉक्टर आल्या, आणि त्यांच्या हातात काही नव्हतं.

"मॅडम, सॉरी. बाहेर काढल्यावर पेशी टिकल्या नाहीत. आत सोडण्यासारखं काही राहिलेलं नाही."

टोमणे मारून पोट भरणारी बाई मी. मला त्या वेळी एकच वाक्य सुचलं. "मग आता बाथरूमला जाऊ का?"

"हो हो, जा ना."

दहा वर्षांच्या उपचारातून एवढी परवानगी मिळाली.

बाहेर आले तर सिस्टर दाराशी उभी. तीच ती, तुझे फोन घेणारी, अक्कलकोटकडची. आता केस पिकलेत. गाऊनची गाठ सोडता सोडता म्हणाली, "तुमच्या अव्वा असत्या तर लई वाईट वाटलं असतं बघा त्यांना."

"तुम्हाला आई आठवते?"

"आठवते म्हणजे काय! आल्या होत्या की त्या."

"कुठं?"

"हितं. फोन बंद झाल्यावर एकदा. उन्हाचं, चालत. खाली दारातच उभ्या. वर या म्हटलं तर येईनात. म्हणाल्या, लेकीला सांगू नगं बाई, सांगितलं की ती लिवती."

ती गाऊनची घडी घालत सांगत राहिली. तिनं तुला वर आणलं, लॅबच्या काचेतून नायट्रोजनची टाकी दाखवली. दुधाच्या मोठ्या कॅनसारखी असते म्हणे. मी दहा वर्षांत बघितलेली नाही. तू काचेला कपाळ टेकवून बराच वेळ बघत राहिलीस आणि विचारलंस, वायर कुठाय? सिस्टर म्हणाली, नाहीच अव्वा. तेव्हा कुठं तुझी खात्री पटली. "मग बरं हाय," म्हणालीस आणि जिना उतरलीस.

"जाताना म्हणाल्या, तुला शेंगाची चटणी आणून देते, कुटलेली. लई तरास दिला तुला." सिस्टर हसली. "राहिली बघा ती चटणी."

जावई शहाळं घेऊन वर आले. त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. शहाळं माझ्यापुढं धरून म्हणाले, "पिऊन घे, फोडलंय आता." आम्ही दोघं जिन्यात बसून ते प्यालो. पोटात जागा नव्हती तरी प्याले.

पेपरवाल्यांना या आठवड्याचा लेख हवाय. हा देणार नाही. हे पत्रही कुठं टाकणार नाही. टाकायचं म्हटलं तरी पत्ता काय घालू? पण एक गोष्ट त्या जुन्या लेखात मी लिहिली नव्हती, ती इथं लिहिते. तू भाकरी थापताना लाइटचं विचारलंस ना, तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. मी हसले खरी, पण रात्रभर तो पट्टा डोळ्यांपुढून हलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून दवाखान्यात गेले, डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच तोच प्रश्न विचारला. उत्तर मिळालं. घरी आले आणि तुला सांगितलं नाही. तू महिनाभर फोन करत राहिलीस.

काल शेंगदाणे भाजले. मिक्सरला हात लावला नाही, तुझा खलबत्ता माळ्यावरून काढला. लसूण, तिखट, मीठ. तेल सुटेपर्यंत कुटायला तास गेला, तळहाताला फोड आला. आज सकाळी दवाखान्यात गेले. समोर बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. सिस्टरला डबा दिला.

"अय्यो, मी चेष्टेनं म्हटलेलं ओ मॅडम!"

"आईची राहिली होती," मी म्हटलं.

तिनं झाकण उघडून वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकली, "छान झालीय" म्हणाली. मग डबा खणात ठेवला, हात पुसला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.